तुमचा निरोप पोहोचला आहे

डॉक्टरवहिनी डॉक्टर नव्हती. खरं म्हणजे ती कुणाची वहिनीही नव्हती, कारण नवरा एकुलता एक होता आणि त्यालाही जाऊन सहा वर्षं झाली होती. बावीस वर्षं तिनं बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या घोषणा केल्या. आवाज असा, की तीन तास उशिरा येणारी गाडीसुद्धा लोकांना आपल्या भल्यासाठीच थांबली आहे असं वाटावं. प्रत्येक घोषणेच्या शेवटी ती म्हणायची, "गाडीत बसण्याआधी चौकशी खिडकीवर विचारा." हे वाक्य तिला कुणी लिहून दिलं नव्हतं. भलत्या गाडीत बसून भलतीकडे गेलेली माणसं परत येऊन तिच्याशीच भांडायची, म्हणून तिनं ते आपल्या मनानं जोडलं होतं.

पुढे बसस्थानकावर घोषणा करणारं यंत्र आलं आणि तिची रवानगी घरी झाली. त्याच सुमारास गावातल्या रेडिओ केंद्राला एका मायाळू, मोठ्या बाईचा आवाज हवा होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता पंधरा मिनिटं, 'डॉक्टरवहिनींचा सल्ला'. मजकूर समुद्रापलीकडच्या मुख्य कचेरीतून यायचा. एकच मजकूर, अकरा भाषांत, अकरा देशांत. म्हणजे जगात अशा अकरा डॉक्टरवहिनी होत्या आणि सगळ्याजणी एकाच आठवड्यात हात धुवायला सांगायच्या.

पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. मजकूर संपला आणि आठ सेकंद उरले. आठ सेकंद म्हणजे शिंक येऊन जायला लागतात तेवढी, पण रेडिओवर ती खड्ड्यासारखी वाटतात. ध्वनियंत्र सांभाळणाऱ्या बटणभाऊनं काचेपलीकडून हात फिरवून खूण केली, बोला, काहीतरी बोला. आणि हिच्या तोंडून जुन्या सवयीनं निघून गेलं, "आणि हो, काहीही झालं तरी आधी मला कळवा, मग बघू!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसरं काय!

पण ते वाक्य मुख्य कचेरीला भलतंच आवडलं. आठवड्याला चाळीस फोन यायचे ते चारशेवर गेले. ते वाक्य अकराही भाषांत गेलं. वहिनीला प्रशस्तिपत्र आलं. फोनचीही सोय झाली. मिस्ड कॉल द्यायचा, मग यंत्रच उलटा फोन करायचं, आणि वहिनीच्याच आवाजात सांगायचं, "आवाज ऐकल्यावर आपला प्रश्न बोला." प्रश्न बोलून झाला की पुन्हा तिचाच आवाज येई, "तुमचा निरोप पोहोचला आहे. काळजी करू नका."

कुठे पोहोचला, ते मात्र कुणी विचारलं नाही. वहिनीनंही नाही. ती मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन वाचायची आणि घरी जायची. फोनचं काम कार्यक्रम अधिकाऱ्याकडे होतं. पस्तिशीचा, नीटनेटका, स्वभावानं वाईट नव्हे. पण त्याच्या प्रत्येक वाक्यात अहवाल यायचा, म्हणून सगळे त्याला अहवालसाहेब म्हणत. दर वीस निरोपांतला एक ऐकायचा, त्यावर शिक्का मारायचा आणि बाकीचे नुसते मोजायचे, अशी पद्धत मुख्य कचेरीनंच घालून दिली होती. विसांतला एक ऐकला की विसांचं कळतं म्हणे. भाताचं शीत चाचपून पाहतात तसं. पण शीत काही फोन करून प्रश्न विचारत नाही.

अशाच ऐकलेल्या एका निरोपातलं वाक्य साहेबानं अहवालाच्या चौथ्या पानावर घातलं होतं, आणि मोठ्या अक्षरांत छापून केंद्राच्या भिंतीवर लावलं होतं: 'डॉक्टरवहिनी, आता तुम्ही सांगाल तसंच मी करीन. — एक श्रोती.' येता-जाता वहिनीची नजर त्यावर जायची आणि तिला बरं वाटायचं. का वाटू नये? बसस्थानकावर बावीस वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्या वर्षी बक्षिसाची टूम निघाली. तीन महिन्यांत ज्या श्रोत्याचे सर्वांत जास्त फोन, तो 'एकनिष्ठ श्रोता'. आधी न कळवता त्याच्या घरी जायचं, उन्हावर चालणारा नवा रेडिओ द्यायचा, डॉक्टरवहिनीसोबत फोटो काढायचा. यंत्रानं नंबर आणि पत्ता काढून दिला. एका बाईनं नऊ दिवसांत एकोणीस फोन केले होते.

"एकोणीस!" साहेब हरखून गेला. "वहिनी, याला म्हणतात श्रोत्याशी नातं. अहवालात हे अगदी वर घालू."

"एवढं काय बोलायचं असेल हो तिला?" वहिनी हसून म्हणाली.

"तुमच्या प्रेमात पडली असेल!"

जायचं ठरलं गुरुवारी. आदल्या दिवशी दुपारी वहिनी बटणभाऊकडे गेली. म्हणाली, "भाऊ, त्या बाईचे निरोप जरा ऐकवा की. उद्या दारात गेल्यावर तिच्या मुलाबाळांची नावं घेऊन चौकशी केली, तर तिला किती आनंद होईल."

बटणभाऊनं यादी काढून दिली, कानावरचं यंत्र तिच्या हाती दिलं आणि तो चहाला गेला.

पहिला निरोप. कोवळा आवाज, जरा लाजरा. "डॉक्टरवहिनी, नमस्कार. मी तुमचा एकही कार्यक्रम चुकवत नाही. मला आठवा चाललाय. चार दिवस झाले, पाय सुजलेत. चप्पल चढत नाही. आई म्हणतात, सगळ्यांचेच सुजतात. दवाखाना चौदा किलोमीटर आहे आणि हे परदेशी असतात कामाला. जाऊ का नको? डॉक्टरवहिनी, आता तुम्ही सांगाल तसंच मी करीन."

वहिनीनं मान वर करून भिंतीकडे पाहिलं. तेच वाक्य तिथे मोठ्या अक्षरांत होतं. सुजलेले पाय, चौदा किलोमीटर, जाऊ का नको, यातलं काहीच तिथे नव्हतं.



दुसऱ्या निरोपात तोंडही सुजलं होतं. चौथ्यात डोकं दुखत होतं. "गोळी घेऊ का वहिनी? पण तुम्ही म्हणता ना, आधी मला कळवा. म्हणून घेतली नाही." सातव्यात डोळ्यांपुढे चांदण्या चमकत होत्या. नववा निरोप कार्यक्रमानंतरचा होता. "वहिनी, आज तुम्ही हात धुण्याबद्दल सांगितलंत. माझं उत्तर पुढच्या वेळी असेल का? मी वाट बघते." अकराव्यात ती हळू आवाजात म्हणाली, "रागावलात का? रोज रोज फोन करते म्हणून? आई म्हणतात, मोठ्या डॉक्टर आहेत, त्यांना वेळ नसेल, दम धर."

प्रत्येक निरोपाच्या शेवटी तिचाच आवाज, गोड, ठाम, अजिबात न बदलणारा. "तुमचा निरोप पोहोचला आहे. काळजी करू नका."

वहिनीला तिची लेक आठवली. अडीच वर्षांपूर्वी लेकीलाही आठव्यात असेच पाय सुजले होते. तिनं परगावाहून फोन केला, "आई, काय करू गं?" आणि वहिनी तिच्यावर वस्सकन ओरडली होती, "मला काय विचारतेस? मी काय डॉक्टर आहे? ऊठ आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा!" लेक तशीच दवाखान्यात गेली. आज नात सव्वादोन वर्षांची आहे आणि घरभर धुडगूस घालते.

आपल्या लेकीला एक सांगायचं आणि परक्याच्या लेकीला दुसरं! वहिनीनं कपाळावर हात मारून घेतला.

एकोणिसाव्या निरोपात ती नव्हतीच. म्हातारा, घाबरलेला आवाज होता. यंत्राशी कसं बोलायचं ते त्या बाईला कळत नव्हतं. "हॅलो? हॅलो डॉक्टरबाई? ऐकताय ना? ही कशी तरीच करतेय हो. डोळे फिरवतेय. काय करू? हॅलो? बोला ना..."

"तुमचा निरोप पोहोचला आहे. काळजी करू नका."

तारीख अडीच महिन्यांपूर्वीची होती. त्यानंतर त्या नंबरावरून एकही फोन नव्हता.

वहिनी साहेबाच्या खोलीत गेली आणि कानावरचं यंत्र तिनं त्याच्या टेबलावर ठेवलं. "ऐका," एवढंच म्हणाली. तो पहिला निरोप ऐकत असताना त्याचा चेहरा उतरत गेला.

"हा मी ऐकला होता," तो म्हणाला. "म्हणजे, थोडा. शेवटचं वाक्य चांगलं होतं म्हणून..." तो पेनाचं टोपण काढत आणि लावत बसला. मग हळूच म्हणाला, "वहिनी, आपण दुसऱ्या नंबरच्या श्रोत्याकडे जाऊ. इथे जायलाच नको. उगाच हात दाखवून अवलक्षण."

"ती जिवंत आहे का नाही, ते तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"मलाही नाही. मग उद्या तिथेच जायचं. तुम्हाला यायचं नसेल तर नका येऊ, मी बसनं जाईन. तिकडच्या गाड्या मला पाठ आहेत."

साहेब आला. जीप होती, चालक होता, मागच्या बाकावर रंगीत कागदात गुंडाळलेला रेडिओ होता. तो कुणी मुद्दाम घेतला नव्हता, आदल्या दिवशीच गाडीत चढवून ठेवलेला होता. रस्ता अडीच तासांचा होता. वहिनी मनात एकच घोकत होती, असू दे, ती असू दे, दारात येऊन मला चार शिव्या घालू दे.

घर दोन खोल्यांचं होतं, पत्र्याचं, पुढे झाडून घेतलेलं अंगण. अंगणात कपडे वाळत घातलेले. दोरीवर चार दुपटी आणि वीतभर लांबीची दोन झबली दिसली, आणि वहिनीचा जीव भांड्यात पडला. बाळ आहे! मग तिनं दोरी पुढे पाहिली. म्हातारीचे विटके कपडे होते. पुन्हा दुपटी. तरण्या बाईच्या अंगावर शोभेल असं एकही वस्त्र त्या दोरीवर नव्हतं. तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पाहिलं. नव्हतं.

म्हातारी दारात आली. कडेवर बाळ होतं.

"कोण हवंय?"

साहेबानं घसा खाकरला. "आम्ही... रेडिओ केंद्रावरून आलोय."

"रेडिओवरून?" म्हातारीनं त्याच्या मागे पाहिलं. "त्या डॉक्टरबाई नाही आल्या?"

वहिनी तिच्यासमोर तीन हातांवर उभी होती. पण तिला तोंडानं कोण ओळखणार? तिची ओळख होती ती घशात. तोंड मिटून धरलं तर ती कुणीही नव्हती. केंद्रातली एक कर्मचारी, आली तशी परत जाईल, कुणाला काही कळणार नाही. साहेबानं तिच्याकडे पाहिलं आणि चटकन मान खाली घातली. "नाही," तो पुटपुटला. "त्यांना जमलं नाही."

"असू दे. कामाच्या बाई आहेत. या, आत बसा."

आत कोनाड्यात रेडिओ होता, त्याच्या शेजारी फोन. म्हातारीनं दोघांना पाणी दिलं आणि न विचारताच सांगायला सुरुवात केली. ज्याला कुणी विचारायला येत नाही ते माणूस असंच सांगतं.

"सून गेली माझी. अडीच महिने झाले. पाय सुजले होते. मी म्हटलं, अगं सगळ्यांचेच सुजतात, माझे तिन्ही खेपेला सुजले होते. ती म्हणाली, आई, आपण वहिनींना विचारू, त्या म्हणतील तसं करू. मलाही पटलं. मी अडाणी, त्या शिकलेल्या. रोज फोन करायची बिचारी. मंगळवारी कान लावून बसायची, शुक्रवारी बसायची. म्हणायची, त्यांनी 'पोहोचला' म्हटलंय, म्हणजे सांगतीलच. नवव्या दिवशी झटके आले. शेजाऱ्याच्या टेम्पोत घातली. दवाखान्यातले डॉक्टर मला ओरडले, आठ दिवस काय करत होता? आता त्यांना काय सांगू? विचारत होतो, म्हणून सांगू?" तिनं बाळाचं डोकं सारखं केलं. "हा वाचला. ती नाही."

साहेब रडत होता. त्याला ते लपवताही येत नव्हतं.

"त्या बाईंना दोष नाही देत मी," म्हातारी म्हणाली. "त्यांना हजार जणांचं ऐकायचं असतं. माझंच चुकलं. तेवढं एकच विचारायचं होतं त्यांना. माझं चुकलं का, म्हणून. भेटल्या तर विचाराल?"

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. म्हातारीनं थोपटलं, हलवलं, काही केल्या थांबेना. ती कसनुसं हसली. "आज गुरुवार ना. मंगळवारी-शुक्रवारी त्या बोलायला लागल्या की हा गप्प होतो. पोटात असताना ऐकत होता ना त्यांना."

उठावं आणि पळावं असं तिला वाटलं. खोटं कशाला सांगा, अगदी दार किती पावलांवर आहे तेही तिनं पाहून घेतलं. मग ती म्हणाली, "आई, तुमचं नाही चुकलं."

बाळ रडता रडता थांबलं. आवाज कुठून आला ते शोधत त्यानं मान वळवली. आणि त्याच्या पाठोपाठ म्हातारीनंही.

"माझं चुकलं," वहिनी म्हणाली. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "मीच ती. मी डॉक्टर नाही. मी बसस्थानकावर गाड्या पुकारायची. ते 'आधी मला कळवा' माझ्याच तोंडचं, मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या सुनेचे निरोप मी काल पहिल्यांदा ऐकले."

म्हातारीनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"डॉक्टर नाही?"

"नाही."

"मग तेवढंच सांगायचं होतं," म्हातारी म्हणाली. "मी डॉक्टर नाही, मला विचारू नका. एवढं सांगितलं असतं तरी तिला त्याच दिवशी घेऊन निघाले असते मी."

वहिनीनं हात जोडले. म्हातारीनं ते जोडलेले हात पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली. निघताना जीपमध्ये ठेवलेला रंगीत खोका तिला दिसला. "ते काय आहे?" तिनं विचारलं. चालकाला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं, तो म्हणाला, "नवा रेडिओ, आजी. तुमच्यासाठीच."

"रेडिओ आहे घरात," म्हातारी म्हणाली आणि बाळाला घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी साहेबानं स्वतः खुर्चीवर चढून भिंतीवरचं ते वाक्य उतरवलं. मग त्यानं मुख्य कचेरीला पत्र लिहिलं, सगळं, काहीही न लपवता, आपण शेवटचं वाक्य कसं कापून घेतलं तेही. ते वाक्य अकराही भाषांतून काढा, असं लिहिलं. दुपारपर्यंत उत्तर आलं: 'आपला अभिप्राय पोहोचला आहे. धन्यवाद.' साहेबानं ते वहिनीला वाचून दाखवलं. बाकीच्या दहा देशांतल्या दहा बायका आज चार वाजता, आपापल्या भाषेत, तेच सांगणार होत्या. त्यांना फोन करून थांबवावं, तर वहिनीला त्यांची भाषा येत नव्हती.

तिला आपली येत होती. चार वाजता बटणभाऊनं खूण केली. मजकूर होता डासांचा, तो तिनं बाजूला ठेवला. "मी डॉक्टर नाही," ती म्हणाली, आणि पुढची बारा मिनिटं त्या सुनेचं काय झालं ते सांगितलं, गावाचं नाव न घेता. "काहीही झालं तर आधी दवाखान्यात जा. मला कळवू नका. कळवायचंच असेल तर तिथे पोहोचल्यावर कळवा."

नोकरी राहील की जाईल, याचा तिनं विचारच केला नाही. बैल गेला आणि झोपा केला, हे तिला कळत होतं. पण गोठ्यात अजून जनावरं होती. न ऐकलेले निरोप तीन हजारांच्या वर होते. साहेबानं एक टोक धरलं, बटणभाऊनं दुसरं, आणि वहिनी कानाला यंत्र लावून सगळ्यांत ताज्या निरोपांपाशी बसली.

सतराव्या निरोपात एक माणूस आपल्या गावाचं नाव सांगून विचारत होता. तीन दिवस मुलीला जुलाब होताहेत, आता ती डोळे उघडत नाही, घरगुती काय द्यावं? निरोप त्याच दिवशी दुपारी तीनचा होता. वहिनीनं नंबर फिरवला.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"मुलगी कशी आहे?"

"तशीच आहे... तुम्ही डॉक्टरवहिनी ना? वहिनी, तिला काय देऊ?"

"मला काय विचारता!" ती लेकीवर ओरडली होती तशीच ओरडली. "उचला तिला. तुमच्या फाट्यावर पावणेपाचची गाडी येते, दवाखान्याच्या दारात थांबते. किती वेळ लागेल फाट्यावर पोहोचायला? दहा मिनिटं? मग निघा."

"पण आधी शेजारी कुणाला तरी विचारतो..."

"कुणाला विचारत बसू नका," वहिनी म्हणाली. "गाडीत बसा. मी फोन ठेवत नाही."

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, मग धावत्या पावलांचा. वहिनीनं घड्याळाकडे पाहिलं. साडेचार होऊन दोन मिनिटं झाली होती.